देऊळ मागायचं तर दारात ये

केत्रु, चिलोए
११ ऑक्टोबर १९६४

श्री. कुस्तोदिओ नाऊतो,
सान अंतोनियोच्या देवळाचे फिस्काल, याउकेन बेट

नमस्कार घालायची रीत आहे म्हणून घालते. हे पत्र माझं एकटीचं नाही. केत्रुच्या सगळ्या घरांनी मिळून मला लिहायला बसवलं, कारण इथे वाचता येईल असं अक्षर माझंच आहे, आणि दुर्दैवाने तुमची धाकटी बहीणही मीच आहे.

साठ सालच्या भूकंपात दर्या आत शिरला तेव्हा केत्रुचं देऊळ घेऊन गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या याउकेनची निम्मी शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली म्हणून एकेक घर खाडी ओलांडून इकडे आलं. आज तुमच्या बेटावर चार चुली पेटतात. इकडे चाळीस घरं आहेत आणि मेलेल्या माणसाला ठेवायला छप्पर नाही. परवा म्हातारी दोमितिला गेली, तिला बटाट्यांच्या कोठारात ठेवावं लागलं. पाद्रीबाबा म्हणतात, देऊळ नसेल तर वर्षाची फेरीसुद्धा बंद करीन.

तेव्हा ठरलंय असं, की मार्चच्या उधाणाला याउकेनचं देऊळ ओंडक्यांवरून बैलांनी किनाऱ्यापर्यंत ओढायचं, भरतीला तरंगवायचं आणि लाँचच्या मागे बांधून इकडे आणायचं. घरं आली तसं देऊळही येईल. देवळाचे राखणदार म्हणून किल्ली तुमच्याकडे आहे, ती द्यावी. मिंगेला सगळं गाव मजुरी न घेता, एका जेवणावर राबणार आहे, तेव्हा तुमची बैलजोडीही आणावी. जोडीचा मी आग्रह धरत नाही. तुमच्या बैलांशिवाय घर ओढायची आम्हाला सवय आहे.

मी स्वतः आले असते, पण गुडघा दुखतो.

ओनोरिना नाऊतो दे रेमोल्कोय


याउकेन
२० ऑक्टोबर

ओनोरिना,

मला 'तुम्ही' म्हणतेस. तुझा शेंबूड पुसायला मी होतो तेव्हा 'दाद्या' होतो.

चिठ्ठी लाँचवाल्या लिबोरिओने आणून दिली. देण्याआधी त्याने ती वाचली होती, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं.

मिंगा चिठ्ठीने मागतात का गं? कोण्या शहाण्याने शिकवलं तुला? आपला बाप साधा गोठा हलवायचा तरी घरोघर फिरायचा. दारात उभं राहायचं, टोपी काढायची, घरच्यांनी दिलेली सफरचंदाची चिचा प्यायची आणि मग तोंडाने मागायचं. मागणारा दारात आला की नाही म्हणता येत नाही. आणि दारात आलाच नाही, तर हो म्हणता येत नाही. एवढं आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तुला कळत नाही, कारण तू आता चाळीस घरांची पुढारीण झालीस.

तुमचं घर इथून गेलं तेही असंच. मी टेकडीवर उभा राहून पाहिलं. सगळ्या बेटाचे बैल होते, माझे नव्हते, कारण मला कोणी बोलावलं नव्हतं. सख्ख्या भावाला. त्याबद्दल मी आजवर एक शब्द काढला नाही, आणि आता तू मला बैलांचे टोमणे मारतेस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

देऊळ हलणार नाही. आई त्याच्या मागच्या भिंतीला लागून पुरलेली आहे. भिंत गेली तर ती काय वाऱ्यात पडून राहणार? गुडघ्याला समुद्री शेवाळ बांध.

कुस्तोदिओ


केत्रु
२ नोव्हेंबर

श्री. फिस्काल यांस,

आज मृतांचा दिवस. आज तरी खोटं लिहायची लाज वाटायला हवी होती, पण तुम्ही वीस तारखेलाच लिहून मोकळे झालात.

तुम्हाला बोलावलं नव्हतं म्हणे. माझा नवरा बेलार्मिनो तुमच्या दारात आला होता. टोपी हातात घेऊन आला होता. परत येऊन मला म्हणाला, "मागितलं, तो काही बोलला नाही." मी म्हटलं, नाही बोलला तरी येईल, भाऊ आहे. ओढायच्या दिवशी सकाळी मी दोर कोणाला बांधू देत नव्हते, कारण पहिली जोडी तुमची लागायची होती. शेवटी बायका हसायला लागल्या. भरती कोणासाठी थांबत नाही, म्हणून दुसऱ्यांचे बैल जुंपले. माझं घर पाण्यात उतरलं तेव्हा मी वर टेकडीवर पाहिलं. तुम्ही हात बांधून उभे होतात.

त्या दिवशी मी शपथ घेतली, की तुमचे बैल माझ्या दाराला लागेपर्यंत तुमच्या किनाऱ्याला पाय लावायचा नाही. ती मी पाळली. आईच्या मातीला मी लिबोरिओच्या लाँचमध्ये उभी होते, वाळूपासून दहा हातांवर. घंटा ऐकली. तुम्ही खड्ड्यात लोटलेली माती ऐकली. मी उतरले नाही. हे तुमच्यामुळे झालं आणि हे मी विसरणार नाही.

आईचं नाव पुढे करून देऊळ अडवू नका.

ओनोरिना


याउकेन
९ नोव्हेंबर

ओनोरिना,

तुझा नवरा माझ्या दारात आला नाही. हे मी सान अंतोनियोच्या पायाला हात लावून लिहितो, आणि तुझ्या-माझ्या बाबतीत मी त्या पायाला उगाच हात लावणार नाही.

आता नीट वाच. घर ओढायच्या आदल्या आठवड्यात आई रोज टेबलावर चिचेचा लोटा मांडून ठेवायची. म्हणायची, "आज येतील मागायला." मी बैलांची शिंगं घासली, नवं जू केलं, तुला आवडतं तसं तांबड्या रंगाचं. चिचा आंबून गेली तेव्हा आईनेच ती डुकरांना ओतली. म्हणाली, "पोरीला आपली लाज वाटते." मरेपर्यंत तिने ते धरून ठेवलं. तू लाँचमध्ये उभी होतीस तेव्हा मला वाटलं, एवढी लाज, की पाय ओले करवत नाहीत.

तुझ्या नवऱ्याला एकच विचार. तो आला होता ना? मग आईने त्याला चिचेबरोबर काय खायला दिलं? आपल्या आईच्या दारातून कोणी मागणारा रिकाम्या तोंडाने गेलेला नाही. त्याला आठवेलच.

कुस्तोदिओ


केत्रु
१९ नोव्हेंबर

कुस्तोदिओस,

पत्र मी जेवताना मोठ्याने वाचलं. बेलार्मिनो बटाटा सोलत होता.

मी विचारलं, "काय दिलं आईने?"

"मिल्काओ."

"गरम की गार?"

"गरम."

"आईची चूल तेव्हा मोडली होती. भूकंपानंतर दोन महिने ती बाहेर शेकोटीवर रांधायची, आणि बटाट्याची मिल्काओ शेकोटीवर करत नाहीत."

तो उठला आणि डुकरं आत आली का बघायला गेला. डुकरं केव्हाच आत होती.

परत आला तेव्हा बोलला. कुंपणापर्यंत आला होता म्हणे. तू अंगणात कुऱ्हाडीला धार लावत होतास. आमच्या लग्नात चार लोकांत तू त्याला 'बिनबैलाचा' म्हणाला होतास, ते त्याला तिथे आठवलं. पाय पुढे गेला नाही. दिवसभर किनाऱ्यावर बसला आणि संध्याकाळी मला सांगितलं, मागितलं म्हणून.

त्याच्याशी मी बोलत नाही. तो गोठ्यात झोपतो. पण म्हणून तू बरोबर ठरलास असं समजू नकोस. घर जाताना दिसत होतं ना तुला? बहिणीचं घर दर्यात उतरतंय आणि हा रीत मोजत टेकडीवर उभा. सुंभ जळाला तरी तुझा पीळ जायचा नाही. आणि बिनबैलाचा म्हणायची काय गरज होती? तुला कधी कोणी बिनबायकोचा म्हटलं का?

रविवारी त्याला पाठवते. काय करायचं ते कर, पण दोन्ही कानांसकट परत पाठव.

ओनोरिना


याउकेन
३० नोव्हेंबर

ओनोरिना,

आला होता. लग्नातला कोट घातला होता, बटणं लागत नव्हती. मी त्याला बराच वेळ दारात उभा केला, तेवढा माझा हक्क होता. मग म्हटलं, "काय पाहिजे?"

"मिंगा मागायला आलो."

"कशाची?"

"घराची."

"कोणत्या घराची?"

"आमच्या."

"ते तर गेलं."

"हो," म्हणाला, आणि टोपी चुरगाळत राहिला.

हे वरातीमागून घोडं झालं. पण तो दारात आला, टोपी काढली, चिचा प्यायला आणि तोंडाने मागितलं. मला नाही म्हणता येत नाही. मी हो म्हटलं. पुढच्या अमावस्येच्या सुकतीला बैल लिबोरिओच्या पडावात घालून आणतो. जेवण मिंगेचं हवं. खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजवलेलं, शिंपल्या आणि डुक्कर दोन्ही. चुलीवरचं सूप घालून फसवू नकोस.

मग त्याने देवळाचंही विचारलं. त्याला म्हटलं, ते तुझ्या तोंडून मागायचं नाही.

त्याचे कान जागेवर आहेत. 'बिनबैलाचा' म्हटलं ते मी मागे घेतलं, पण लिबोरिओ ऐकत नव्हता तेव्हा.

कुस्तोदिओ


केत्रु
८ जानेवारी १९६५

कुस्तोदिओ,

मला वाटलं होतं तू चेष्टा करतोयस. तू कधी चेष्टा केली नाहीस हे मी विसरले.

सगळं गाव दाराशी जमलं. पडावातून बैल उतरवलेस, तांबडं जू लावलंस, माझ्या घराच्या पायातल्या तुळईला साखळी बांधलीस. बेलार्मिनो गयावया करत होता, "दादा, घर तर पोचलं, चार वर्षं झाली." तू म्हणालास, "मागितलं होतंस की नाही?" माझ्याशी शब्द नाही. लिबोरिओला म्हणालास, "बाईला सांग, चूल विझव." मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते.

आणि ओढलंस. शपथेवर सांगते, घर हाताभर सरकलं आणि कोनात फिरलं. फळी कोसळली, आईची निळी ताटली फुटली, चुलीचं नळकांडं वाकडं झालं. आता माझं पुढचं दार थेट डुकरांच्या खोपटाकडे उघडतं आणि पाहुणा आला की आधी त्याला डुकरीण दिसते. मग तू बसलास, तीन माणसांचं जेवलास, तोंड पुसलंस आणि निघून गेलास. अख्ख्या केत्रुत आज दुसरा विषय नाही.

पण तुझे बैल माझ्या दाराला लागले. ते मी पाहिलं. ताटलीचे तुकडे गोळा करताना मी रडले, आणि ते ताटलीसाठी नव्हतं, हे तुला सांगून टाकते म्हणजे लिबोरिओकडून तिखटमीठ लावलेलं ऐकायला नको.

सोमवारी मी येते. फार बोलू नकोस.

ओनोरिना


याउकेन
१४ फेब्रुवारी

ओनोरिना,

मी फार बोललो नाही, तूच बोललीस.

तू आधी आईकडे गेलीस आणि बराच वेळ मागच्या भिंतीपाशी बसलीस, तेव्हा मी मुद्दाम लाकडं फोडायला घेतली, म्हणजे तुला कोणी ऐकतंय असं वाटू नये. मग दारात येऊन डोक्यावरची शाल उतरवलीस आणि मागितलंस. तोंडात मारल्यासारखं मागितलंस, पण मागितलंस. आईच्याच लोट्यातून दिली होती चिचा, ते तू ओळखलंस का नाही मला कळलं नाही.

तर आता कामाचं. खिडक्या-दारं काढून वेगळ्या लाँचमध्ये घाला. आतून आडवे-उभे वासे मी ठोकून घेतो, तुमच्या पोरांना खिळे आणू देऊ नकोस. देऊळ लाकडी खुंट्यांनी जोडलेलं आहे, खिळा घातला की फळी चिरते. रिकामी पिंपं चारी बाजूंनी बांधायची. दोर नवे आणा. लिबोरिओच्या दोरावर माझा विश्वास नाही, त्याच्यावरही नाही. घंटा खाली उतरवीन. सान अंतोनियो आतच राहील आणि त्याच्यापाशी मी बसेन, कारण देऊळ राखणदाराशिवाय प्रवास करत नाही.

तुम्हाला देऊळ दिलं. मी तुमच्यात यायला निघालोय असं कोणी समजू नये.

कुस्तोदिओ


केत्रु
२५ मार्च

कुस्तोदिओ,

मिंगेचं जेवण न घेता निघून जाणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. दगड तापले होते, खड्ड्यावर झाकलेली पानं उचलायची बाकी होती, आणि तू लिबोरिओला उठवून चालता झालास. चाळीस घरांचं नाक कापलंस. रीत रीत म्हणून आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटणारा तू.

एक गोष्ट लिहायची आहे. खाडीच्या मध्यावर लिबोरिओचा दोर तुटला आणि देवळाने तोंड फिरवलं. ओढ याउकेनकडे होती. मला वाटलं, तू कापलास. देव मला क्षमा करो, मी तसं मोठ्याने म्हटलंसुद्धा. मग तू खिडकीच्या भोकात दिसलास, कमरेइतक्या पाण्यात, आणि तुझा स्वतःचा दोर तू आमच्याकडे फेकलास. दोनदा पाण्यात पडला. तिसऱ्यांदा बेलार्मिनोने झेलला आणि त्याचे हात सोलून निघाले, तरी सोडला नाही. लिबोरिओ आता म्हणतो दोर जुनाच होता. मी म्हटलेलं तुझ्या कानावर जाईल, म्हणून मीच सांगते.

देऊळ उभं आहे. थोडं डावीकडे झुकलंय. तू किल्ली वेदीवर ठेवून गेलास. आता प्रार्थना कोणी सांगायच्या? गावाने बेलार्मिनोला उभं केलं. तो मृतांची प्रार्थना बारशाला म्हणाला. बाळाची आजी अजून धुसफुसते आहे.

ओनोरिना


याउकेन
२७ जून

ओनोरिना,

पाऊस थांबत नाही. बाकीच्या तीन घरांतले दोघे पुंता आरेनासला मेंढ्यांच्या कामाला गेले आणि तिसऱ्याने मे महिन्यात दाराला फळ्या मारल्या. आता धूर माझाच.

देवळाच्या जागी पिवळं गवत राहिलंय, चौकोनी. सकाळी उठलो की मी अजून खिशात किल्ली चाचपतो आणि तिथपर्यंत जातो. मग जाऊन काय करायचं ते कळत नाही. आईशी थोडं बोलतो. भिंत नसल्याने वारा थेट तिच्यावर येतो, म्हणून मी एक कुंपण घातलं. ते कालच्या वादळाने नेलं. मग मीही तिथेच बसून राहिलो, कारण घरात गेलो तरी काय, तेही रिकामंच.

तुम्ही माझं देऊळ नेलंत आणि मी ते नेऊ दिलं. मला राग आहे, तुझ्यावर आहे, आणि तो जायचा नाही.

सप्टेंबरात मोठं उधाण आहे. माझं घर लहान आहे, बैल कमी लागतील. देवळाजवळ जागा असेल तर बघ, नसली तरी चालेल. आईचं काय करायचं ते मला सुचत नाही. तेव्हा केत्रुच्या घरांना माझ्या वतीने मिंगा मागावी, ही विनंती. मी स्वतः आलो असतो, पण गुडघा दुखतो.

कुस्तोदिओ


केत्रु
४ जुलै

दाद्या,

मिंगा चिठ्ठीने मागतात का रे? कोण्या शहाण्याने शिकवलं तुला?

मागणारा दारात आला नाही, तर हो म्हणता येत नाही. तेव्हा गुडघ्याला समुद्री शेवाळ बांध आणि ये. चाळीसही दारं फिरावी लागतील, आणि त्या बाळाच्या आजीपाशी जरा जास्त वेळ उभा राहा. आईचं मी पाद्रीबाबांना विचारलंय. हाडं पेटीत घालून देवळाच्या मागच्या भिंतीशी ठेवायला त्यांची हरकत नाही. भिंत तिचीच आहे म्हणाले.

माझ्या दारात सगळ्यात शेवटी ये. दार कुठे उघडतं ते तुला माहीत आहे, तूच फिरवलंस. टोपी काढ आणि तोंडाने माग. मी हो म्हणेन की नाही ते तेव्हा ठरवीन. चिचेचा लोटा आज सकाळपासून टेबलावर मांडलाय, आणि बेलार्मिनो शेजाऱ्याचे बैल घासायला गेलाय.

ओनोरिना